डोंगरावरील घराचे शेवटचे काम : ओल, माप आणि मजुरी

मागावरून उतरलेले कोरे कापड आणि दुकानात भाव घेणारे कापड यांच्या सुतात फरक नसतो. धागा तोच, वीण तीच. फरक पडतो तो नंतरच्या धुलाईने, खळीने आणि इस्त्रीने. मालेगाव-भिवंडीच्या कोऱ्या मालाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे सांगायला नको. घराचेही तसेच आहे. पाया भरला, भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला की लोक म्हणतात, घर झाले. वस्तुतः गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, नळ, वीज आणि रंग ही सारी कामे अजून बाकी असतात. बांधकामाच्या धंद्यात यालाच फिनिशिंग म्हणतात. मालकाचे पैसे याच टप्प्यावर संपत आलेले असतात आणि कारागिराचे हुनर याच टप्प्यावर डोळ्यांना दिसते. म्हणून वादही याच टप्प्यावर होतात.

आमचा जालना जिल्हा सपाटीचा समजला जातो. पण उत्तरेस भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात म्हैसमाळचे पठार आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. हा रस्ता जालन्याजवळून जातो. त्यामुळे इगतपुरीच्या डोंगरात घर बांधणारा मालक आता जालन्याच्या कारागिराला दूर राहिलेला नाही. जालन्याची सळई राज्यभर जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. सळईच्या मागोमाग आमचे गवंडी, सुतार, रंगारी, फरशीवाले आणि वेल्डरही जाऊ शकतात. परंतु डोंगरातले काम सपाटीच्या दराने आणि सपाटीच्या पद्धतीने घेतले तर नफा राहू द्या, मजुरीही पदरात पडत नाही. असे का होते आणि ते कसे टाळावे, याची चर्चा आम्ही येथे करणार आहोत.

पाऊस हाच खरा परीक्षक

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला तो ५,००० मिलिमीटरहून अधिक असतो. म्हणजे जालन्यात सात वर्षांत जितके पाणी एखाद्या भिंतीवर पडेल तितके तेथे एकाच पावसाळ्यात पडते. शिवाय ते सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवे येते आणि भिंतीवर मारा करते. पाऊस थांबला तरी धुके असते आणि भिंत वाळत नाही. महाबळेश्वरात पावसाळ्यापूर्वी घरांच्या व दुकानांच्या दर्शनी बाजू गवताने किंवा प्लास्टिकने झाकून घेण्याची जुनी रीत आहे, ती याच कारणाने.

अजिंठ्याच्या रांगेत किंवा म्हैसमाळवर एवढा पाऊस नाही. तरीही वारा, धुके आणि थंडी सपाटीपेक्षा अधिक आहे. उंची १,००० मीटर वाढली की हवेचे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे आणि म्हैसमाळ १,००० मीटरहून थोडे वर. म्हणजे तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. ऐकायला हा फरक लहान वाटतो. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सिमेंट घट्ट होण्यास आणि रंग वाळण्यास त्याने जास्त वेळ लागतो.

सपाटीवरच्या घरात एखादा दोष राहिला तर तो दोन-चार वर्षांनी दिसतो. तोवर हिशेब मिटलेला असतो. डोंगरावर तो पहिल्याच ऑगस्टमध्ये दिसतो आणि त्या वेळी कारागिराची शेवटची रक्कम मालकाच्या हातात असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे मुद्दे आपोआप समजतील.

मृगापासून उलटे मोजा

डोंगरातील कामाचे वेळापत्रक सुरुवातीपासून मांडू नये, शेवटापासून मांडावे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याआधी घराची बाहेरची बाजू पूर्ण बंद झाली पाहिजे. वळवाचा पाऊस धरून बाहेरचा रंग १५ मेपर्यंत आटोपावा. रंगापूर्वी नवा गिलावा निदान २८ दिवस वाळला पाहिजे. त्याआधी त्यावर पाणी मारण्याचे दिवस धरावे लागतात. साधे सिमेंट असेल तर किमान ७ दिवस. आजकाल बाजारात राखमिश्रित पीपीसी सिमेंट जास्त मिळते, त्याला किमान १० दिवस. अस्तर आणि लांबीचे दिवस यात मिळवले तर हिशेब असा निघतो की बाहेरचा गिलावा मार्चच्या मध्यापर्यंत संपायलाच हवा.

याला दुसरेही कारण आहे. ज्या डोंगरावर पावसाळ्यात पाणी मावत नाही, तेथेच एप्रिल-मेमध्ये विहिरी आणि झरे आटतात. मग गिलाव्यावर मारायला पाणी टँकरने आणावे लागते. टँकरचे पाणी महाग म्हणून मारा कमी होतो, मारा कमी झाला की गिलाव्याला केसासारख्या चिरा जातात आणि जूनमध्ये त्या चिरांतून पाणी आत शिरते. तेव्हा ओली कामे, म्हणजे गिलावा, कोबा, फरशी ही दिवाळीनंतर सुरू करून थंडीत उरकावीत. कोरडी कामे, म्हणजे दारांची झडपे, पॉलिश, वीज, रंग ही उन्हाळ्यासाठी ठेवावीत. कामाला उशीर झालाच तर बाहेरचा रंग घाईने मारण्यापेक्षा तो ऑक्टोबरनंतर करण्यास मालकाला राजी करावे. ओल्या भिंतीवर मारलेला रंग म्हणजे मालकाचे पैसे आणि कारागिराचे नाव दोन्ही पाण्यात.

कोणते काम कोणत्या आधी

क्रम चुकला की एकाचे काम दुसरा तोडतो आणि भरपाई कोणी द्यायची यावर भांडण होते. योग्य क्रम असा :

१. दारे-खिडक्यांच्या चौकटी बसवून ओळंब्यात घेणे.
२. भिंतीत दाबायचे विजेचे पाइप आणि पाण्याचे नळ टाकणे. नळांत दाबाने पाणी भरून एक रात्र ठेवणे. कोठे गळती असेल तर ती गिलाव्याच्या आधी सापडते.
३. छताचा आतील गिलावा, मग आतील भिंती, मग बाहेरच्या भिंती. नेहमी वरून खाली.
४. गच्ची, न्हाणीघर व संडास यांचे पाणीरोधक काम आणि त्याची पाणी साठवून परीक्षा.
५. फरशी व भिंतीवरच्या टाइल्स.
६. झडपे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, काच.
७. अस्तर, लांबी, रंगाचा पहिला हात.
८. दिवे, बटणे, तोट्या.
९. रंगाचा शेवटचा हात आणि फरशीची सफाई.

रंगाचा शेवटचा हात वीजवाला आणि नळवाला घराबाहेर पडल्यावरच मारावा. त्यांच्या आधी मारला की भिंतीवर हातांचे डाग उमटतात आणि रंगाऱ्याला एक हात फुकट मारावा लागतो.

गिलावा : सिमेंटचा की चुन्याचा

विटांच्या नव्या भिंतीला आतून साधारण १२ मिलिमीटर आणि बाहेरून २० मिलिमीटर गिलावा असतो. बाहेरचा गिलावा एका थरात कधीही करू नये. पहिला थर खरबरीत सोडावा आणि तो घट्ट झाल्यावर दुसरा चढवावा, म्हणजे एका थरातील बारीक छिद्र दुसऱ्या थराने झाकले जाते. बाहेरसाठी एक भाग सिमेंटला चार भाग वाळू आणि आतसाठी एकाला सहा, हे प्रमाण सर्वत्र रूढ आहे. पावसाच्या माऱ्याची भिंत, जी बहुतेक ठिकाणी पश्चिम किंवा नैर्ऋत्य बाजूची असते, तिच्या मालात पाणीरोधक रसायनही घालावे आणि त्याचा खर्च दरात वेगळा दाखवावा.

पण प्रत्येक घर नवे नसते. डोंगरातील पुष्कळशी कामे जुन्या दगडी किंवा जांभ्याच्या घरांच्या दुरुस्तीची असतात. अशा भिंतींत पूर्वी चुना वापरलेला असतो. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला की भिंतीतील ओल बाहेर पडू शकत नाही. ती आतल्या बाजूने वाट काढते, लोणा फुटतो, पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. म्हणून जुन्या भिंतीला चुनाच हवा.

चुन्याचे काम ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा सतराव्या शतकातला आहे. तेथे खालचा काही भाग आणि घुमट संगमरवरी आहे, पण मधल्या भिंती काळ्या दगडाच्या असून त्यावर बारीक, घोटून चकचकीत केलेला गिलावा आहे. पाहणाऱ्याला दुरून सारे संगमरवरच वाटते. चुना, विटांच्या भुकटीची सुरखी, बेलफळाचा गर आणि गुळाचे पाणी अशा वस्तूंनी जुने उस्ताद गिलावा तयार करीत. चुना भिजवून मुरवत, घाणीत मळत आणि भिंतीवर चढवल्यावर तासन् तास घोटत. हे हुनर जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. ज्या शागिर्दाला ते शिकता येईल त्याने जरूर शिकावे. जुनी घरे सांभाळणाऱ्या मालकांना असे कारागीर शोधूनही मिळत नाहीत.

छत, छज्जा आणि न्हाणीघर

ओल भिंतीतून येते असे लोक समजतात. पुष्कळदा ती वरून आलेली असते. सपाट गच्ची असेल तर पाण्याला ढाळ द्यावा. साधारण १०० फुटांना १ फूट ढाळ सपाटीवर चालतो, डोंगरावर तो याहून थोडा जास्त ठेवणे बरे. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालताना गच्ची आणि कठडा जेथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई, म्हणजे वाटा, अवश्य करावा. काटकोनात पाणी थांबते आणि गळती तेथूनच सुरू होते. काम झाल्यावर पाण्याची भोके बंद करून गच्चीवर पाणी भरावे आणि ते ४८ तास तसेच ठेवावे. खालून एक थेंब दिसला नाही तरच काम पुरे झाले असे समजावे. न्हाणीघराचीही अशीच परीक्षा टाइल्स बसवण्यापूर्वी घ्यावी.

छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन बोटे आत, बोटभर रुंदीची खाच सोडण्यास विसरू नये. छज्जावरून आलेले पाणी या खाचेपाशी तुटून खाली पडते. खाच नसली तर ते छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत जाते आणि खिडकीच्या वर ओलीचा पट्टा उमटतो. खिडकीच्या खालचा दगडही बाहेरच्या बाजूला उतरता असावा आणि भिंतीच्या थोडा पुढे आलेला असावा. या दोन कामांना खर्च जवळजवळ नाही. मात्र ती गिलाव्याच्या वेळीच होतात, नंतर होत नाहीत.

कौलारू किंवा पत्र्याचे छत डोंगराला जास्त मानवते. पण पन्हळ आणि भिंतीचा सांधा पक्का नसेल तर पत्र्याखालीही गळते. पागोळ्यांचे पाणी घराच्या पायाशी साचू नये म्हणून जोत्याभोवती उतरती फरशी आणि पुढे पाणी वाहून नेणारी नाली हवी.

लाकूड, लोखंड आणि रंग

आमच्या सुतार बंधूंना ठाऊक आहेच की लाकूड पावसाळ्यात फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेले दार जुलैमध्ये उघडत नाही. मग मालक ते रंधून घेतो आणि डिसेंबरमध्ये त्याच दारातून वारा येतो. त्यावर उपाय असा की लाकूड पुरते वाळलेले घ्यावे, झडपेच्या चारही बाजूंना तीन मिलिमीटरची जागा सोडावी, आणि पॉलिश किंवा रंग झडपेच्या वरच्या व खालच्या कडेलाही द्यावा. या दोन कडा डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून कोऱ्या सोडल्या जातात आणि लाकूड पाणी पिते ते तेथूनच. प्लायवूड घेताना पाण्यात टिकणारे, भारतीय मानक ७१० चे घ्यावे. साधे व्यापारी प्लायवूड डोंगरावरच्या स्वयंपाकघरात दोन पावसाळेही काढत नाही.

लोखंडी जाळ्या आणि ग्रिल यांना रेड ऑक्साइडचे दोन हात बसवण्यापूर्वी द्यावेत. बसवल्यानंतर मागच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही. स्क्रू आणि बिजागऱ्या शक्य तेथे पितळी किंवा स्टेनलेस घ्याव्यात. आठ आण्यांच्या स्क्रूने सागवानी दाराला गंजाचा डाग पाडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

रंगाबद्दल एकच नियम सांगतो. भिंत कोरडी आहे की नाही हे हाताने ठरवू नये. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशी आतून बाष्प दिसले तर भिंत अजून ओली आहे. ही परीक्षा मालकासमोर करावी.

पडदे आणि गाद्या

हा आमच्या स्वतःच्या धंद्याचा भाग आहे, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. घर पूर्ण झाले की शेवटी कापड येते आणि डोंगरावर तेही चुकीचे घेतले जाते. सुती कापड हवेतील ओल शोषते. मापलेल्या हवेत सुताच्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी त्यात असते, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. पावसाळ्यात सुती कापडाचे हे प्रमाण आणखी वाढते. म्हणून बाहेरच्या भिंतीच्या खिडकीवर जाड सुती पडदा लावला तर त्यावर ऑगस्टपर्यंत बुरशीचे काळे ठिपके येतात. अशा खिडक्यांना पॉलिएस्टर किंवा मिश्र सुताचा पडदा बरा. सुती पडदा हवाच असेल तर कापड शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आखडतो. पडद्याचा खालचा काठ फरशीपासून दोन इंच वर असावा आणि कड्या लोखंडी नसाव्यात.

कापसाच्या गाद्यांचे काम करणाऱ्या आमच्या पिंजारी-नदाफ बंधूंनीही गिऱ्हाइकाला सांगावे की डोंगरावर गादी जमिनीवर किंवा बंद पेटीच्या पलंगावर ठेवू नये. खालून हवा खेळती राहील अशी पट्ट्यांची खाट असावी, आणि पावसाळा संपताच गाद्या उन्हात टाकाव्यात. असा सल्ला देणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

वाहतुकीचे गणित

डोंगरातील कामात सर्वांत जास्त फसगत होते ती येथे. एक ब्रास, म्हणजे १०० चौरस फूट, बाहेरच्या २० मिलिमीटर गिलाव्याला साधारण दीड पोते सिमेंट आणि ७ घनफूट वाळू लागते. सिमेंट ७५ किलो आणि वाळू सुमारे ३२० किलो. एकूण जवळजवळ ४०० किलो. घराच्या बाहेरच्या भिंती १,५०० चौरस फूट असतील तर सहा टन माल झाला आणि तो केवळ एका कामाचा. गाडी दारापर्यंत जात असेल तर ठीक. शेवटचा अर्धा किलोमीटर डोक्यावर किंवा जनावरावर माल न्यायचा असेल तर ही हमाली मजुरीच्या बरोबरीला जाते.

माथेरानचे उदाहरण घ्या. तेथे मोटारगाड्यांना बंदी आहे आणि मालाची ने-आण परंपरेने घोड्यांवर व हातगाड्यांवर चालत आली. डोंगरावर माल आणि माणसे चढवण्याचा प्रश्न मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ओळखला होता. त्यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे बांधून घेतली आणि ती १९०७ मध्ये सुरू झाली. वाहतुकीचा हिशेब आधी करणारा व्यापारी काय करू शकतो, याचा हा दाखला आहे. छोट्या कारागिराला रेल्वे बांधायची नाही. पण दर सांगण्यापूर्वी त्याने जागेवर जाऊन गाडी कोठवर येते, तेथून किती पावले आहेत, वाळू कोठून येणार आणि पाणी कोठून येणार, या चार गोष्टी स्वतः पाहिल्याच पाहिजेत.

कागद, माप आणि पैसे

आमच्या परिचयाच्या एका रंगाऱ्याने सह्याद्रीतील एका थंड हवेच्या ठिकाणी बंगल्याचे काम उक्ते घेतले. गिलावा दुसऱ्या टोळीने केला होता. तो संपून नऊ दिवस झाले असताना, पाऊस तोंडावर आहे म्हणून मालकाने रंगाची घाई केली. रंगाऱ्याने तोंडी सांगितले की भिंत ओली आहे. ऐकले गेले नाही. ऑगस्टमध्ये पोपडे सुटले आणि त्याची शिल्लक रक्कम अडकली. चार माणसांची दीड महिन्याची मजुरी त्याला घरातून द्यावी लागली. त्याचे म्हणणे खरे होते, पण कागदावर एक ओळही नव्हती.

म्हणून काम लहान असो की मोठे, दोन पानांचा करार असावा. भाषा साधी मराठी चालेल. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

एक, सुरुवातीची पाहणी. काम हाती घेताना छताची, भिंतींची, नळांची स्थिती काय होती हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मोबाइलवर तारखेसह छायाचित्रे काढावीत. स्लॅब आधीच गळत असेल तर तो दोष रंगाऱ्याच्या माथी येणार नाही.

दोन, दर मजुरीचा की मालासह. मालासह असेल तर सिमेंट, रंग, प्लायवूड यांची जात आणि दर्जा लिहावा. भाव बदलतात, करही बदलतात. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. असा बदल झाला तर फायदा-तोटा कोणाचा, हे लिहिलेले असावे.

तीन, वाहतूक, हमाली, पाणी, वीज, परांची आणि कारागिरांची राहण्याची सोय कोणाकडे.

चार, माप कसे घ्यायचे. दारे-खिडक्यांची जागा गिलाव्याच्या मापातून वजा करायची की नाही, यावर सर्वांत जास्त भांडणे होतात. भारतीय मानक १२०० चा नियम असा : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट नाही. त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंनी गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट, आणि आतल्या कडांचे वेगळे माप नाही. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची वजावट, पण कडांचे माप जोडायचे. हा नियम करारात लिहिला की टेप धरताना वाद राहत नाही.

पाच, पैशांचे टप्पे. इसार, गिलावा संपल्यावर, फरशी संपल्यावर, रंग संपल्यावर, अशी वाटणी असावी. मालक पहिल्या पावसाळ्याची हमी मागेल. ती मागणी रास्त आहे आणि प्रामाणिक कारागिराने तिला घाबरू नये. पण हमीपोटी रोखलेली रक्कम ठरलेली असावी, पाच किंवा दहा टक्क्यांच्या वर नसावी, आणि ती कोणत्या तारखेला मिळणार हेही लिहिलेले असावे. "पावसाळा झाल्यावर बघू" हे शब्द करारात चालत नाहीत. "१५ ऑक्टोबर" असे लिहावे.

सहा, घराची परवानगी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. अशा ठिकाणी बांधकामावर बंधने आहेत. परवाना काढणे मालकाचे काम आहे, पण तो पाहून घेणे कारागिराचे. काम मध्येच बंद पडले तर सर्वांत आधी मजुरी बुडते.

आणखी दोन नोंदी. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर आपल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सामान्यतः सक्ती नाही. त्याहून मोठी कामे घेणाऱ्याने कर सल्लागाराला विचारूनच दर द्यावा. दुसरे, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आपल्या प्रत्येक कामगाराची नोंद असावी. वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, ही त्याची मुख्य अट आहे. गवंडी आणि बिगारी यांच्याप्रमाणेच रंगारी, सुतार, फरशीवाले, नळवाले आणि वीजवालेही यात येतात. पुष्कळ रंगारी स्वतःला बांधकाम कामगार समजतच नाहीत आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसारख्या योजनांना मुकतात. बाहेरगावी केलेल्या कामाचे दिवसही मोजले जातात. फक्त ठेकेदाराकडून किंवा तेथील ग्रामसेवकाकडून, नगरपालिकेकडून वेळीच दाखला घ्यायला हवा. गावी परतल्यावर तो मिळवणे कठीण जाते.

आमच्या भागातील तरुण कारागीर हाताने कोणापेक्षा कमी नाहीत. कमी पडते ती आधी पाहणी करण्याची आणि लिहून घेण्याची सवय. ज्या टोळीचा मुकादम जागा पाहून, मृगापासून दिवस मोजून, दोन पानांचा कागद पुढे ठेवतो, त्याच्याशी मालकही सावधपणे आणि आदराने बोलतो. अशा मुकादमाला दुसरे घर पहिल्या घराचा मालकच मिळवून देतो. दिवाळीनंतर डोंगरातील कामे सुरू होतात. ज्यांना ती घ्यायची आहेत त्यांनी पावसाळ्यातच एकदा त्या डोंगरावर जाऊन घरांच्या भिंती पाहून याव्यात. कोठे शेवाळ चढले आहे, कोठे पोपडे सुटले आहेत आणि कोणती भिंत कोरडी राहिली आहे, हे पाहणारा कारागीर ऑक्टोबरमध्ये दर सांगताना अंदाजाने बोलणार नाही.